सेमाडोहचे तिवस

रंगाच्या पाण्यातून काच बाहेर काढली, निथळू दिली आणि खिडकीशी नेऊन धरली. दुपारची वेळ होती, उजेड भरपूर होता. काचेवरच्या पातळ थरात तपकिरी रेषा उमटलेल्या दिसल्या आणि मला आधी आनंदच झाला, कारण त्यापूर्वी कितीतरी वेळा तिथं काहीच उमटलं नव्हतं. मग नीट पाहिलं. सगळ्या रेषा एकाच उंचीवर होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टी ठेवून ओढल्यासारख्या. सेमाडोहच्या जंगलात हिंडून मी वेगवेगळ्या झाडांची पानं आणली होती, आणि काच मला सांगत होती की या झाडांमध्ये फरक म्हणून काही नाहीच.

मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात संशोधन करत होते आणि माझा विषय होता तिवस. हे नाव आता वऱ्हाडातही फार जणांना ठाऊक नसतं. पळसासारखं तीन पानांचं, उन्हाळ्याच्या तोंडाशी फिकट गुलाबी फुलणारं मेळघाटातलं झाड. त्याचं लाकूड चिवट. बैलगाडीच्या चाकाचे आरे, जू, वखराचा दांडा, जिथं लाकडाला हिसके सोसायचे असतात तिथं पूर्वी तिवस लागायचा. अमरावतीकडच्या तिवसा गावाचं नाव या झाडावरूनच पडलं असं माझे अब्बा छातीठोकपणे सांगत. खरं-खोटं मला माहीत नाही.

अब्बा अकोटचे गाडीमिस्त्री. कापसाच्या जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे टिनाचं छप्पर, खाली लाकूड तासायचे रंधे, कोरायची किंकरी आणि चाकाला लोखंडी धाव चढवायची भट्टी. माझं लहानपण तिथल्या भुशात गेलं. घरात आम्ही उर्दू-हिंदी बोलायचो, गिऱ्हाइकांशी वऱ्हाडी, आणि अब्बा दोन्हींची सरमिसळ करून सगळ्यांशीच बोलायचे. परतवाड्याच्या डेपोत लाकडाचा लिलाव असला की ते पहाटेच्या एसटीनं जात आणि परत आले की शर्टाला ओल्या लाकडाचा वास येई.

मी ज्या वर्षांबद्दल सांगते आहे, तोवर हे सगळं ओसरलं होतं. रबरी टायरच्या लोखंडी गाड्या आल्या होत्या. त्यातून कापसाची ती वाईट वर्षं सुरू झाली. ज्यांच्या गोठ्यात चार बैल असत त्यांच्याकडे जोडी राहिली, मग तीही बाजारात गेली. बैलच नाहीत तर गाडी कशाला आणि वखर तरी कशाला. पेपरात रोज कुणा शेतकऱ्याची बातमी असे. मिस्त्रीचं नाव पेपरात येत नसे, कारण तो जिवंत होता, फक्त त्याच्याकडे कुणी येत नव्हतं. अब्बा दाराच्या चौकटी करू लागले, खाटांचे पाय करू लागले. तेही काम नसलं की किंकऱ्यांना धार लावत बसत. धार लावलेल्याच किंकऱ्यांना पुन्हा धार लावताना मी त्यांना पाहिलं आहे. हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं. अम्मीनं कधी काही म्हटलं नाही, पण त्या काळात तालुक्यातल्या कितीतरी बायका घरातल्या पुरुषांवर नजर ठेवून असत, आणि माझी अम्मीही त्यातलीच एक झाली होती.

सेमाडोहला पानं आणायला जायचं ठरलं तेव्हा सोबत कुणीतरी हवं होतं. माझे मार्गदर्शक सर येणार होते, पण त्यांचं ऐनवेळी जमेना. अम्मी चुलीपाशी बसल्या बसल्या हळूच म्हणाली की अब्बांनाच घेऊन जा, तेवढंच चार दिवस त्यांना दुसरं काही दिसेल. मला वाटलं ते नाही म्हणतील. पण त्यांनी धुतलेला शर्ट घातला आणि माझ्या आधी दारात जाऊन उभे राहिले.

परतवाड्याहून धारणीची एसटी घाट चढू लागली तसे अब्बा खिडकीला चिकटून बसले. एवढी वर्षं या जंगलाचं लाकूड त्यांच्या हाताखालून गेलं होतं, पण डेपोच्या पुढे ते कधी आलेच नव्हते. सेमाडोहला जंगलखात्यानं एक गार्ड आमच्यासोबत दिला. तो तरुण कोरकू आदिवासी होता, चालायला वेगवान आणि बोलायला शांत. सिपना नदीच्या कडेनं आम्ही निघालो तर समोरून पर्यटकांची जीप आली. आतल्या एका बाईंनी विचारलं, वाघ दिसला का. अब्बा अदबीनं म्हणाले, "नाई बापा, आमी झाड पाह्याले आलो." जीपमधले सगळे हसले आणि अब्बाही हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहत होते.

गंमत अशी की अब्बांना तिवस ओळखताच येईना. पहिल्याच तासात त्यांनी एका भलत्याच झाडाला हात लावून "हा पाह्य तिवस" म्हणून मला दाखवला. मी खरा तिवस दाखवला तेव्हा ते त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. सालीवर तळवा फिरवला, मान वर करून पानं पाहिली.

"लाकूड दे, वासानं सांगतो," ते म्हणाले. "उभा कधी पाह्यलाच नाई ना बेटा. मले आडवाच माहीत."

तिवस सापडत होते, पण विरळ. एका नाल्याच्या काठानं मात्र त्यांची सलग रांगच होती आणि पलीकडच्या उतारावर आणखी काही विखुरलेले. मी प्रत्येक झाडाची कोवळी पानं खुडून, ओल टिपणाऱ्या दाण्यांच्या पिशवीत घालून, वर खूण लिहीत होते. नाल्याच्या कडेला एका जागी माती ढासळली होती. तिथं बोटाएवढं जाड मूळ उघडं पडलं होतं आणि त्या मुळातूनच एक रोप सरळ वर आलं होतं. तिवसाची ही सवय मला पुस्तकातून माहीत होती. तो बियांनी वाढतो आणि मुळांतूनही फुटतो. तरी प्रत्यक्ष पाहून मी थांबले.

अब्बा वाकून पाहत होते. "म्हणजे हे त्याचं पोरगं?"

मी त्यांना सांगितलं की पोरगं नाही, तोच तो. बी पडून उगवलं असतं तर ते पोर म्हटलं असतं, आई-बापाचं मिळून आलेलं. हे मुळातून आलंय, म्हणजे दुसऱ्या जागी उभा राहिलेला तोच तिवस. पुढे बोलता बोलता मी म्हणून गेले की कुणी सांगावं, ही अख्खी रांगच एका झाडाची असेल.

ते वाक्य मी सहज बोलले, पण अब्बांच्या मनात ते रुतून बसलं. परतताना एसटीत ते पुन्हा खिडकीशी बसले. मग बाहेर पाहत म्हणाले, "येवढेच राह्यले. आणि त्यातलेबी एकच असतीन तं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आमीच कापून खाल्ले ना."

मी म्हटलं, तुम्ही एकटे थोडेच होता.

हे सगळं मला त्या दुपारी, काच हातात धरलेली असताना, आठवत होतं.

काचेवर नेमकं काय पाहायचं होतं ते सांगायला हवं. कुठल्याही जिवाच्या पेशीत त्याचा वारसा एका लांबलचक मजकुरासारखा लिहिलेला असतो. त्या मजकुरात काही ठिकाणी एकच छोटं अक्षर-जोडकं पुन्हा पुन्हा येतं, पाटीवर गिरवलेल्या अक्षरासारखं. एखाद्या झाडात ते गिरवणं लांबत गेलेलं असतं, एखाद्यात लवकर थांबलेलं असतं. त्या जागा नेमक्या हुडकून, तेवढाच तुकडा वेगळा काढून, त्याची लांबी पाहिली की दोन झाडं वेगळी आहेत की एक, ते कळतं. अशा जागेला आम्ही मार्कर म्हणतो. लांब तुकडा काचेवरच्या त्या पातळ थरातून, म्हणजे जेलमधून, सावकाश सरकतो, आखूड तुकडा पुढे पळतो, म्हणून रेषा वेगवेगळ्या उंचीवर उमटतात. माणसांमध्ये हे काम फार झालंय, गव्हा-तांदळात झालंय. तिवसासाठी कुणी मार्कर तयारच केले नव्हते. म्हणून मी सुरुवातीला त्याच्या दूरच्या भाऊबंदांचे, म्हणजे तुरी-सोयाबीनसारख्या शेंगांच्या पिकांचे मार्कर उसने घेतले होते. त्यातले बरेचसे तिवसावर चाललेच नाहीत. जे चालले त्यांनी ही सरळ रेघ दाखवली.

तिथवर पोहोचायलाच माझे खूप महिने गेले होते. तिवसाच्या पानात डिंकासारखं काहीतरी असतं. पानं वाटली की सगळं चिकट आणि तपकिरी होई आणि त्यातून हवं ते वेगळं काढणं म्हणजे चिक्कीतून धागा ओढण्यासारखं. त्यात भारनियमन. दिवसाचे कितीतरी तास वीज नसे. फ्रीजमधले नमुने टिकावेत म्हणून आम्ही अकोल्यातल्या बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणून थर्माकोलच्या पेट्यांत भरत असू. एवढं करून हाती आलेलं पहिलं स्पष्ट चित्र हे असं होतं.

सर आले. भातकुलीकडच्या एका शेतकरी घरातले ते, बोलायला रोखठोक. त्यांनी काच माझ्या हातातून घेतली, उजेडात आडवी-उभी करून पाहिली.

"सगळे सारखेच दिसून राहिले," ते म्हणाले.

मी त्यांना नाल्याकाठच्या मुळाचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. हे नुसतं कुतूहल राहिलं नव्हतं. अकोटच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी जंगलखात्याची रोपवाटिका होती आणि तिथल्या अधिकाऱ्यांना तिवसाची रोपं तयार करायची होती. मुळांचे तुकडे लावून झटपट रोपं करावीत की नाही, हे ते सरांना विचारून गेले होते. सेमाडोहचे तिवस खरोखर एकच झाड असेल तर तुकड्यांतून येणारी हजार रोपंही तेच एक झाड. एखादी कीड आली, एखादा रोग आला, तर सगळी एकदमच जातील. आणि ती फुलली तरी एकमेकांच्या परागांनी धड बीही धरणार नाहीत.

त्याच आठवड्यात माझ्या कामाचा आढावा होता. मी बोलून खाली बसले तेव्हा समितीतले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, इथं कापूस मरून राहिला आणि तुम्ही जंगलातली झाडं पाहता, याचा शेतकऱ्याला काय उपयोग? ते रागानं बोलले नव्हते. त्यांचा चेहरा थकलेला होता. सरांनी एवढंच म्हटलं की काम अर्धवट आहे, पूर्ण होऊ द्या.

नंतर आम्ही दोघंच व्हरांड्यात उभे होतो. सर आदल्या दिवशी गावाकडे, जीव दिलेल्या एका शेतकऱ्याच्या घरी बसायला जाऊन आले होते, हे मला माहीत होतं. ते म्हणाले, "त्याईचा प्रश्न चुकीचा नाई. मलेबी पडते तो. पण समदेच कपाशीकडं पाहत बसले तं बाकीचं कोण पाहीन?" मग विषय बदलून म्हणाले, "तू एक काम कर. नरनाळ्याच्या जंगलात एखादा तिवस असन. सेमाडोहशी ज्याचा काही संबंध नाई असा. त्याचं पान घेऊन ये आन् याच मार्करवर लाव."

मला लगेच समजलं नाही. त्यांनी समजावलं. नरनाळ्याचं झाड सेमाडोहच्या मुळातून आलेलं असूच शकत नाही, मधे डोंगर आहेत. तेसुद्धा तसलीच रेघ दाखवत असेल तर दोष झाडांचा नाही, मार्करचा आहे. उसन्या फूटपट्टीवर बारीक खुणाच नसतील तर तिला सगळे एकाच उंचीचे दिसणार.

नरनाळ्याचा किल्ला अकोटहून जवळ. मी पुन्हा अब्बांना विचारलं आणि ते पुन्हा आले. या खेपेला मात्र ते माझ्यासोबत फिरण्यापेक्षा शोधण्यात गुंतले. तीन पानांचं काही दिसलं की हाक मारत. दोनदा पळसच निघाला. शेवटी किल्ल्याच्या खालच्या उतारावर एक जुना तिवस भेटला, वाकडा, एका अंगानं वाळलेला. असल्या वाकड्या लाकडाला डेपोत कुणी हात लावला नसता, म्हणूनच तो राहिला, असं अब्बा म्हणाले. पानं मी खुडली. ते खाली उभे राहून वर पाहत होते.

"हा तरी दुसरा असन ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हा नक्की दुसरा आहे. पण तो काचेवर सेमाडोहसारखाच दिसला तर चांगलं. हे बोलणं त्यांना उलटं वाटलं आणि मी ते उतरता उतरता दोनदा समजावून सांगितलं. पायथ्याशी पोहोचेपर्यंत त्यांना ते पटलं होतं. घरी गेल्यावर त्यांनीच अम्मीला ते समजावलं, माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत.

नरनाळ्याची रेष सेमाडोहच्या रेषांच्या अगदी ओळीत आली. मी ती काच घेऊन थेट सरांच्या खोलीत गेले. सरांनी पाहिलं आणि ते पहिल्यांदा माझ्यासमोर खुर्चीत मागे रेलून बसले. झाडं वाचली असं अजून कुणी म्हणू शकत नव्हतं. पण झाडं एकच आहेत असंही आता म्हणता येत नव्हतं. तेवढ्यानंही मला त्या दिवशी नीट जेवण गेलं.

आता तिवसाचे स्वतःचे मार्कर करणं भाग होतं. त्याची सोय अकोल्यात नव्हती. सरांनी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत बोलणं केलं आणि मी तिथं जाऊन राहिले. तिवसाच्या मजकुराचे बारीक तुकडे करायचे आणि त्यातून गिरवलेल्या अक्षरांचे तुकडे तेवढे गळ टाकून बाहेर काढायचे, असं ते काम होतं. गळ म्हणजे चुंबकाला चिकटणारे अतिसूक्ष्म कण. हवा असलेला तुकडा त्यांना धरून राहतो, बाकीचं धुऊन जातं. मग तो तुकडा वाचायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंची अक्षरं पाहून नवा मार्कर बेतायचा. तिथं वीज जात नसे, हेच मला कितीतरी दिवस खरं वाटत नव्हतं. यंत्रं सुरू केली की ती सुरूच राहत. फोनवर अम्मी घरची खुशाली सांगे. अब्बा फोनवर फार बोलत नसत. ते फक्त विचारत, "झाडाचं काय झालं?" मी सांगे, अजून नाही. ते म्हणत, होऊ दे, घाई नको करू. आणि फोन अम्मीच्या हातात देत.

हैदराबादेत बेतलेल्या मार्करांपैकी बरेच कुचकामी निघाले. काही मात्र चालतील असं वाटत होतं. ते घेऊन मी अकोल्याला परत आले तेव्हा कापसाचा आणखी एक हंगाम हातचा गेला होता. अकोटला उतरल्यावर दिसलं की आमच्या रस्त्यावरचं एक दुकान बंद झालंय. अब्बांचा कारखाना चालू होता, म्हणजे उघडा होता. एका शेतकऱ्याची जुनी गाडी तिथं उभी होती. दुरुस्तीसाठी आणली असेल असं मला वाटलं. अब्बांनी सांगितलं की दुरुस्ती नाही, कुणी घेणारा भेटला तर विकून टाका म्हणून तो ठेवून गेलाय. तिची चाकं अब्बांनीच केलेली होती.

नवे मार्कर लावायला मी सकाळीच बसले. वीज कधी जाईल त्याचा भरवसा नव्हता आणि जेल अर्ध्यावर थांबलं की सगळं वाया. सरांनी कुठून तरी जनरेटरसाठी डिझेलची तजवीज केली होती. वीज गेलीच, पण जनरेटर सुरू झाला आणि यंत्र थांबलं नाही. सर मधूनमधून दारात येत, यंत्राकडे पाहून परत जात. दुपारी मी काच रंगाच्या पाण्यात बुडवली आणि बाजूला उभी राहिले. पाहायची हिंमत होईना. शेवटी सरच म्हणाले, काढ आता, जास्त काळी पडेल.

रेषा वर-खाली होत्या.

एकीची जागा इथं, दुसरीची तिथं. कुठे एका झाडाच्या दोन रेषा, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. उतारावरच्या झाडांत एकाचा मेळ दुसऱ्याशी बसत नव्हता. मी पुढचा मार्कर लावला, मग त्यापुढचा. दर वेळी तेच. उतारावरचे तिवस सगळे वेगवेगळे होते. नरनाळ्याच्या त्या वाकड्या झाडात तर अशी एक रेष निघाली, जी सेमाडोहात कुठेच नव्हती. फक्त नाल्याकाठची रांग प्रत्येक मार्करवर सारखीच राहिली. ती रांग खरंच एका झाडाची होती. माझी भीती तेवढ्यापुरती खरी ठरली होती आणि बाकी सगळ्या जंगलाबाबत खोटी.

सर म्हणाले, "जमलं." मग चष्मा काढून पुसत बसले. एरवी ते चष्मा इतका पुसत नसत.

सगळे मार्कर पुन्हा लावून खात्री करायला आणखी काही दिवस गेले. तोवर मी घरी कुणाला सांगितलं नाही. खात्री झाली त्या सकाळी मी पहिली एसटी पकडून अकोटला गेले. अब्बा कारखान्यात होते. कुणाची तरी चौकट रंधत होते. मला अवेळी आलेली पाहून त्यांनी रंधा खाली ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. काहीतरी वाईट आहे असंच त्यांना वाटलं. त्या वर्षांत अचानक आलेल्या माणसाला पाहून सगळ्यांना आधी तसंच वाटायचं.

मी म्हटलं, "अब्बा, सगळे वेगवेगळे निघाले."

त्यांना लगेच उमगलं नाही. मी पुन्हा सांगितलं. उतारावरचे सगळे. एकही दुसऱ्यासारखा नाही. त्यांच्या बियांपासून रोपं केली तर ती धड होतील, त्यांच्यापासून पुढेही बी धरेल. ते लाकडाच्या ओंडक्यावर बसले.

"आन् नाल्याकाठचे?"

"तो एकच आहे. ती अख्खी रांग एकच झाड."

अब्बांच्या खांद्यांतून काहीतरी उतरल्यासारखं झालं आणि ते हसू लागले. "लय पसरला बुढा," ते म्हणाले. "एकट्यानं येवढी जागा अडवली." डोळे पुसायला त्यांनी गळ्यातला रुमाल घेतला, पण भुसा उडाल्याचं निमित्त त्यांनी केलं नाही. तसेच पुसले.

मग त्यांनी मला विचारलं की आता त्या रोपवाटिकेवाल्यांना काय सांगणार. मी म्हटलं, मुळं तोडू नका, उतारावरच्या वेगवेगळ्या झाडांचं बी गोळा करा, थोडं नरनाळ्याचंही आणा. ते म्हणाले, बी गोळा करायला मी येतो, आता मला पान ओळखू येतं. आणि खरंच पुढच्या उन्हाळ्यात ते जंगलखात्याच्या माणसांसोबत गेले. बी उगवायला फार वेळ लागला, बरंचसं उगवलंही नाही. पण जे उगवलं ते पाहायला अब्बा एसटीनं जात आणि येताना रोपवाटिकेतल्या फावड्यांना दांडे बसवून देत. कारखाना नंतरच्या काळात बंदच झाला. ते दुःख त्यांना झालं, पण त्यात पूर्वीचं ते गप्प होणं नव्हतं.

त्या दिवशी मात्र एवढं पुढचं कुणाला माहीत नव्हतं. आम्ही दोघं घरी आलो. अम्मीनं भाकरी टाकल्या आणि अब्बांनी तिला सगळं सांगितलं, नरनाळ्यापासून नाल्याकाठच्या म्हाताऱ्यापर्यंत. सांगताना मधे मधे माझ्याकडे बघत, चुकलं तर सांग म्हणून. काही चुका झाल्या, पण त्या मी दुरुस्त केल्या नाहीत. अम्मी ऐकत होती, पण मला दिसत होतं की तिचं लक्ष झाडांकडे नाही. ती अब्बा बोलत आहेत याकडे पाहत होती.

सरांचा निरोप होता की आता लिहायला बस, वेळ घालवू नकोस. मी तो निरोप काही दिवस बाजूला ठेवला. घरीच राहिले. अंगणात सुपं घेऊन अम्मीसोबत वर्षाचे गहू निवडले. खडे एकीकडे, गहू एकीकडे. अब्बा पलीकडे खाटेवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून काहीतरी विचारत होते.